जिन्यावरचा झेंडू

“किती पायऱ्यांवरून पडलात?” डॉक्टरांनी विचारलं.

मी आमच्या वर्कशॉपच्या सुतार मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्रींनी छताकडे बघितलं. रिक्षातून येताना आमचं सगळं ठरलं होतं, फक्त पायऱ्यांचं बोलायचं राहून गेलं होतं.

“लई न्हाईत,” मी म्हणालो. “शेवटच्या दोन-तीन.”

“दोन-तीन पायऱ्यांवरून पडून हाताला असा पीळ बसतो होय?” डॉक्टर माझ्या उजव्या पंजावर वाकले, चिमट्यानं जखमेतून काहीतरी ओढलं आणि ट्रेमध्ये ठेवलं. झेंडूची पाकळी होती. “तुमच्या जिन्यावर झेंडू उगवतो काय?”

“दसरा न्हवं का आज,” मी म्हणालो. “पडता पडता दाराचं तोरण धरलं.”

डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, तरी असलं उत्तर आपल्याला सुचलं याचं त्याही अवस्थेत मला कौतुक वाटलं. मिस्त्रींनीही जोरात मान डोलावली. डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला, पेन उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

“लिहू नका डॉक्टर. ह्याला लागलं आमच्या वर्कशॉपात, आणि तिथं जिनाच न्हाई.”

दारात हौसाक्का उभ्या होत्या. अंगावर सणाचं लुगडं, नाकात नथ आणि कोपरापर्यंत पुरण लागलेलं. मिस्त्री खुर्चीवरून असे उठले की खुर्चीच मागे पडली.

हौसाक्का मोरबाळे म्हणजे आमच्या मालकीण. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं, पंधरा-वीस माणसांचं. मालक वारले तेव्हा सगळ्यांना वाटलं, ही बाई आता मशिनं विकून माहेरी जाणार. आक्कांनी दिवसकार्य उरकलं, पदर खोचला, मालकांच्या खुर्चीत येऊन बसल्या आणि पहिला हुकूम सोडला तो चहावाल्याला, “साखर कमी घाल रे, निम्मं शॉप पेंगतंय.” बोलणं खास आमच्या गावचं, ‘मी येतो, मी जातो’ असं बापयासारखं. शिव्याही तशाच द्यायच्या. माझ्या लग्नात अक्षता वाटायला त्याच उभ्या होत्या आणि मांडवात मला दम भरायलाही त्याच होत्या. असल्या मालकिणीसाठी जिन्यावरून पडणं म्हणजे काहीच नव्हतं. सांगितलं असतं तर मी विहिरीत पडलो म्हणूनही सांगितलं असतं.

झालं होतं ते असं. खंडेनवमीला आम्ही मशिनं धुऊन-पुसून त्यांना हळद-कुंकू लावायचो, हार घालायचो आणि तो दिवस त्यांना विश्रांती द्यायचो. दसऱ्याच्या सकाळी प्रत्येक मशीनवर एकेकच नग काढायचा. त्याला मुहूर्ताचा नग म्हणत. तो देवापुढे ठेवायचा, पेढा खायचा आणि घरी जायचं. नग निघेपर्यंत मशीनचा हार काढायचा नाही, हा आक्कांचा नियम होता. सासऱ्यांच्या वेळेपासून तो चालत आला होता आणि कधी काही झालं नव्हतं, कारण आक्का हार स्वतः ओवत, साध्या सुती दोऱ्यात. तो दोरा एवढा कच्चा, की मशीनवर चढवतानाच एखादा हार तुटायचा. त्या वर्षी त्यांचा गुडघा धरला होता म्हणून बाजारातून तयार हार आणले. भरगच्च झेंडू आणि आत नायलॉनची दोरी. “बघा की आक्का, यंदा एकबी तुटला न्हाई,” असं मीच कौतुकानं म्हणालो होतो.

लेथवर लोखंडाचा तुकडा एका जबड्यात घट्ट धरलेला असतो आणि तो जबडा गरगर फिरतो. त्याला आम्ही चक म्हणतो. दसऱ्याला मी बटण दाबलं, नग निम्मा कातून झाला आणि हाराचं एक टोक घसरून चकात गेलं. सुती दोरा असता तर फुलं उडाली असती, आम्ही हसलो असतो. नायलॉन तुटेना. हार चकाभोवती गुंडाळत चालला. अशा वेळी बटण बंद करायचं हे शॉपमध्ये कालपरवा आलेल्यालाही कळतं. पण माझ्या डोळ्यांसमोर देवाचा हार चुरगाळत होता, आणि मी तो वाचवायला हात घातला. पुढचं मला नीट आठवत नाही. मिस्त्रींनी बटण मारलं म्हणून हात जागेवर राहिला.

आक्का तेव्हा घरी पुरणाच्या खटपटीत होत्या. शॉपमध्ये त्यांचा मुलगा रणधीर होता. हा माझ्याच वयाचा, डिप्लोमा केलेला, डोक्यानं हुशार. त्यानं स्वतःचा नवा रुमाल माझ्या हाताला बांधला आणि मला बाजूला घेतलं.

“सर्जा, मंगळवारी पुण्याची माणसं यायची आहेत शॉप बघायला. ही ऑर्डर आली तर सगळ्यांचं कल्याण आहे. आणि आजच हे…”

“घरात पडलो म्हणून सांगतो,” मी त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच म्हणालो. त्यानं माझा खांदा दाबला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं.

लेथ पुसली, पाकळ्या झाडल्या, चुरगाळलेला हार शॉपमागं टाकला. पण पुरुषांची झाडलोट ती. आक्का नैवेद्य घेऊन आल्या तर सगळ्या मशिनांवर हार आणि एका माझ्याच लेथवर नाही. त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. लेथखाली वाकून रक्ताळलेल्या पाकळ्या बघितल्या, ताट तिथंच स्टुलावर ठेवलं आणि पुरणाच्या हातांनी रिक्षा थांबवली.

शॉपच्या माणसांचा दवाखाना ठरलेला, तर अशा त्या तिथं उभ्या होत्या.

“काय लिहू मग?” डॉक्टरांनी विचारलं.

“कामावर, लेथवर, आज सकाळी. एवढं लिहा. बाकीचं जिथं लिहायचं तिथं मी लिहितो.”

“आक्का, कशाला…” मी म्हणालो.

“तू गप बस. तोंड उघडलंस की जिना बांधतोयस.”

हाताला प्लास्टर घालून आम्ही बाहेर आलो तर रणधीर स्कूटर लावून उभा होता. मायलेकांचं रस्त्यावरच जुंपलं.

“आई, कळवायचं ते कळवू की. नाही कोण म्हणतंय? पुण्याची माणसं येऊन जाऊ देत. चार दिवसांनी कळवू.”

“चार दिवसांनी काय सांगायचं? आज लागलं म्हणून?”

“साधी जखम आहे. प्लास्टर निघालं की हा कामावर. उगाच कळवून इन्स्पेक्टरला घरात घ्यायचं. चकावर झाकण कुठं आहे, हार कशाला होता, सतरा प्रश्न. ती माणसं दारातून परत जातील. एका हातापायी एवढ्या जणांच्या तोंडचा घास जाईल.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “तूच सांग सर्जा. तुझी काही तक्रार आहे?”

“अजिबात न्हाई,” मी म्हणालो, आणि ते मनापासून होतं.

रणधीरचं बोलणं आक्कांच्या आत उतरत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग एकदम रिक्षावाल्याला म्हणाल्या, “चल बाबा, लौकर चल.” आणि मला आत ढकललं.

कामगार विम्याचं ऑफिस अर्थातच बंद होतं. आक्का थेट तिथल्या देवरुखकर साहेबांच्या घरी गेल्या. त्यांच्या दारात रांगोळी होती, पाटावर आपट्याच्या पानांचा ढीग होता आणि साहेब बनियनवर श्रीखंड चापून नुकतेच लवंडले होते. शर्टाची बटणं लावत बाहेर आले.

“या वहिनी, या! सोनं घ्या.”

“घेतो की. आधी हे घ्या,” म्हणून आक्कांनी माझा प्लास्टरचा हात त्यांच्यापुढे केला. “आमच्यात अपघात झालाय. कळवाय आलोय.”

“अहो, आज सुट्टी. उद्या रविवार. सोमवारी या ऑफिसात, कोण तुम्हाला काय म्हणणार आहे?”

“कोण म्हणंल म्हणून न्हाई आलो. लागलं सणाला, तर कळवायचंबी सणालाच. तुम्ही आत्ता मिळाला म्हणून सही द्या, बाकी सोमवारी करा काय करायचं ते.”

साहेबांनी बायकोला हाक मारून कागद मागवला. आक्का सांगत गेल्या, ते लिहीत गेले. “मशीन चालू असताना कामगारानं हात घातला,” आक्का म्हणाल्या. त्या क्षणी मला खात्री पटली, की ही बाई सगळं माझ्या अंगावर ढकलायला इतकी धावत आली आहे. उद्या इन्स्पेक्टर आला तर दाखवायला कागद तयार. मी तिच्यासाठी जिन्यावरून पडायला निघालो होतो आणि ही मला लेथखाली घालत होती.

“हार होता मशीनवर,” त्या पुढे म्हणाल्या. “तो मी घातलेला. नायलॉनचा. आणि काढायचा न्हाई हा नियम माझा.”

देवरुखकरांनी पेन थांबवलं. “वहिनी, हे लिहिलंच पाहिजे असं नाही. तुम्हालाच अडचण होईल.”

“ते पहिलं लिहा. मग त्यानं हात घातला ते लिहा.”

निघताना आक्कांनी पाटावरचं एक पान उचलून मला दिलं. “सोनं घे सर्जा.” मी डाव्या हातानं घेतलं, पण उलट दिलं नाही. राग होता, माझी चूक कागदावर चढली ती चढलीच होती. “उजवा हात अडकलाय,” म्हणालो. आक्का हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. “बरा झाला की दे. वाट बघतो,” म्हणाल्या.

पुढं रणधीर म्हणाला होता तसंच झालं. इन्स्पेक्टर आला, सगळ्या लेथना झाकणं बसवेपर्यंत कामं बंद ठेवायला सांगून गेला. पुण्याची माणसं आली, बंद मशिनं बघून चहासुद्धा न घेता गेली. ऑर्डर दुसरीकडे गेली. शॉपमधला ओव्हरटाइम थांबला, आणि दिवाळीच्या तोंडावर ज्याच्यामुळे तो थांबला तो मी घरी आरामात बसलेला. सुतार मिस्त्री सोडले तर कोणी फिरकलं नाही. मिस्त्रीही यायचे ते चोरून, आणि जाताना म्हणायचे, “सर्जा, तुझा हात न्हाई रं अडकला, आमचाच अडकला.” माझी बायको सुमन वेगळंच बोलायची. तिला वाटे, आक्कांनी मला कामावरून कमी करायची तजवीज करून ठेवली आहे. “हात बरा झाला की बघाच,” ती म्हणायची.

हात बरा झालाच नाही. प्लास्टर निघालं तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटेना. बोटं माझीच, पण माझं ऐकत नव्हती. सकाळी उठून मी आधी ती मिटून बघायचो, जेवताना बघायचो, देवापुढे हात जोडले तरी ती दोन वेगळी उभी राहायची. लेथवरच्या माणसाला पकड नसली तर तो उरतो कशाला? डॉक्टर म्हणाले, आतली शीर तेव्हाच दुखावली होती, आत्ता कळली. मोठं ऑपरेशन मुंबईत, मग महिनोन् महिने घरी, आणि तरी दोन्ही बोटं परत येतीलच असं नाही. सुमन त्या दिवशी स्वयंपाकघरात पाठ करून बसली. मुलगी लहान होती. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

हे सगळं कामावरच्या अपघाताचंच आहे का, हे विम्याच्या डॉक्टरांपुढे ठरणार होतं. ठरलं तर घर चालणार होतं, नाही तर आम्ही गावाकडे भावाच्या दारात. आक्का माझ्याबरोबर आल्या. बाहेर बाकावर आमच्या शेजारी हुपरीकडचा एक माणूस बसला होता, एका डोळ्यावर पट्टी. वेल्डिंग करताना ठिणगी गेली होती. “मालक चांगलाय,” तो पुन्हा पुन्हा सांगत होता. “त्येनंच दवाखान्यात नेलं. म्हणाला, बघू, कळवू नंतर. मी बी म्हणालो, कळवा सावकाश.” तो आत गेला आणि थोड्या वेळात बाहेर आला. आतल्यांनी विचारलं होतं, तुझा डोळा कामावर गेला कशावरून? मालकाला आता तारीखही नीट आठवत नव्हती. तो माणूस आमच्याकडे बघून कसनुसा हसला आणि चुकीच्या दिशेला चालू लागला, मग भिंत चाचपत वळला.

माझ्या वेळी आतल्या मोठ्या डॉक्टरांनी कागद बघितले. “जखम तर साधी होती म्हणे. बोटं आत्ता गेली. मधल्या काळात घरी कुठं पडलाबिडला नाहीत ना?”

मी काही बोलायच्या आत त्यांनीच पान उलटलं. पहिल्या डॉक्टरांचा केसपेपर, कामावर, लेथवर, आज सकाळी. देवरुखकरांची सही, त्याच दिवसाची. “दसऱ्याला कळवलंय?” त्यांनी चष्म्यावरून आक्कांकडे बघितलं. “दसऱ्याला कोण कळवतं?”

“मी,” आक्का म्हणाल्या.

काम झालं. इतक्या झटकन झालं, की मला खुर्चीवरून उठायचंही सुचेना. बाहेर आलो, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी आक्कांनी मला बसवलं, आणि तिथं मला रडू फुटलं. भर बाजारात, मिशा असलेला माणूस, हुंदके देऊन. आक्कांनी रसवाल्याला सांगितलं, “आलं जास्त घाल, ह्याला सर्दी झालीय.”

सावरल्यावर मी विचारलं, “आक्का, तुम्हाला त्या दिवशीच कसं कळलं, की हे असं पुढं वाढत जाणार?”

“मला कुठं कळलं हुतं? मलाबी वाटलं, प्लास्टर निघालं की झालं.”

“मग एवढी घाई? रणधीर चार दिवसच थांबा म्हणत होता.”

आक्कांनी ग्लास खाली ठेवला. “तू मला काय संत समजतोस व्हय रं? रणधीर बोलत हुता ते मला सगळं पटत हुतं. ती ऑर्डर मलाबी पायजे हुती, त्याच्याहून जास्त पायजे हुती. पण त्या टायमाला तुझं रक्त वलं हुतं, म्हणून खरं बोलवलं. त्या रात्री नुसती झोपलो असतो ना, तर सकाळी उठून म्हणालो असतो, जाऊ दे, बघू सोमवारी. सोमवारी म्हणालो असतो, पुण्याची माणसं जाऊ देत. आणि आठ दिवसांनी, सर्जा, मला सवताला शॉपमधी जिना दिसाय लागला असता.” मग जरा थांबून म्हणाल्या, “मी माझ्याच भ्यानं पळत हुतो. तुला वाटलं, तुझ्यासाठी.”

त्यांच्याबद्दल मला जे वाटतं ते त्या दिवशी सुरू झालं, आणि अजून संपलेलं नाही. संत असत्या तर मी लांबून नमस्कार केला असता. त्या तशा नव्हत्या आणि तरी रिक्षात बसल्या.

मुंबईच्या ऑपरेशननं एक बोट परत मिळालं. करंगळी ताठ ती ताठच राहिली. चहाचा कप धरला की ती वर उभी राहते आणि शॉपमध्ये मला साहेब म्हणतात. लेथ सुटली, पण आक्कांनी मला तपासणीच्या टेबलावर घेतलं, माल मोजायला-मापायला. करंगळीबद्दल दरमहा विम्याकडून येतं, ते मुलीच्या शिक्षणाला लागलं. रणधीर वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. मी त्याला दोष दिला नाही, बुडालेली ऑर्डर त्याचीही होतीच.

पुढच्या दसऱ्याला सकाळी आक्कांनी सगळ्यांना थांबवलं, एक कात्री आणली आणि माझ्या हातात दिली. “आधी सर्जा हार कापंल, मग बटण.” सासऱ्यांच्या वेळचा नियम असा एका वाक्यात गेला. मी फिरून सगळ्या मशिनांचे हार कापले. मुहूर्ताचे नग निघाले. मग मी खिशातून आपट्याचं पान काढलं आणि उजव्या हातानं त्यांच्यापुढे धरलं. आक्कांनी पान घेतलं, माझी ताठ करंगळी चिमटीत धरून हलवली आणि म्हणाल्या, “वरीस लावलास की रं.”

आक्का जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या पाठीमागं आलेल्या पहिल्या दसऱ्याला मी सकाळी शॉपमध्ये गेलो, तर रणधीर माझ्या आधी येऊन लेथजवळ उभा होता. त्याच्या हातात आक्कांची कात्री होती. आदल्याच महिन्यात एका कामगाराच्या पायावर लोखंड पडलं होतं. तो बिचारा सांगू लागला, “काय न्हाई मालक, घरात ठेच लागली म्हणतो.” आणि रणधीर विम्याच्या ऑफिसला फोन फिरवता फिरवता त्याच्यावर ओरडला होता, “जिना बांधू नको!” नव्या पोरांना वाटलं, मालकांचं डोकं फिरलं. मी आणि सुतार मिस्त्री मात्र एकमेकांकडे बघून हसत होतो, आणि मिस्त्री तर डोळेही पुसत होते.

“आईची आहे,” रणधीर कात्री पुढे करत म्हणाला. “तूच काप.”

मी हार कापले. मशिनं सुरू झाली. मग दोघांनी आक्कांच्या फोटोपुढे आपट्याचं पान ठेवलं, त्यानं एक, मी एक. माझी करंगळी त्या काचेला लागून तशीच ताठ उभी राहिली. ती तिथून काढून घ्यायला मला बराच वेळ लागला.